दोन सभासदांचा पक्ष

स्वतःसाठी मतं मागायला जाऊन ती विरोधकाला मिळवून देणारा अख्ख्या हैदराबादेत एकच माणूस झाला, तो माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. मी चौथी शिकलेला, मला राजकारण कळत नाही. पण मेहुण्याला कळतं, असंही म्हणवत नाही. त्याचा पक्ष शेतकऱ्यांचा, दुकानदारांचा, वकिलांचा. सरकारनं लोकांच्या धंद्यात नाक खुपसू नये आणि कुणी कुणावर जबरदस्ती करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. एके काळी आबिड्सला कचेरी होती. मग फूट पडली. म्हणजे काय, तर इराणी हॉटेलातल्या एका टेबलावरचे चौघं रागानं उठले आणि शेजारच्या टेबलावर जाऊन बसले.

निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सुलतान बाजारात कापडाच्या दुकानादुकानांत जायचा आणि समोरच्या उमेदवाराची बाजूही इतक्या गोडीनं मांडायचा की लोक माना डोलवत तिकडंच मत द्यायचे. "समोरच्याचं न सांगता मत घेणं म्हणजे फसवणूक, दाजी." आमची ही म्हणायची, "दादा, तुझं ऐकून मलासुद्धा त्यालाच मत द्यावंसं वाटलं." त्यावर हा खूश! ऑटोत बसला की पक्षाचा इतिहास सुरू. एकदा तारनाक्याला उतरताना ऑटोवाल्यानं विचारलं, "साब, इत्ती अच्छी पार्टी डूबी कैसे?" हा म्हणतो, "डूबी नै मियाँ, जरा बैठी है."

कुणी मेला, कुणी मोठ्या पक्षात गेला. उरले दोघं, तो आणि माझी बायको. वार्षिक सभा आमच्या घरी व्हायची. तो खुर्चीतून ठराव मांडायचा, ही भाजी निवडता निवडता "अनुमोदन" म्हणायची आणि मी बाहेर बसून हसायचो.

मग ही गेली. दुपारी पंख्याखाली पडलो की घर पाण्यावर तरंगल्यासारखं वाटायचं. मेहुणा यायचा, जुने ठराव चाळत बसायचा. दुसरा सभासद नाही तर सभा नाही, आणि सभा नाही तर पक्ष संपला, असा त्यांचा नियम. मला ते बघवेना.

"मला घ्या सभासद," मी म्हणालो.

"तत्त्वं पटतात, दाजी?"

"एकसुद्धा नाही."

"मग कसं घेऊ? दुःखातल्या माणसाला ओढून घेतलं, तर आमच्यात आणि बाकीच्यांत फरक काय?"

"मग पटवा की!"

माझ्यासाठी त्यानं सभा पुढं ढकलली. आता दर रविवारी दुपारी तो मला पटवायला येतो. अगदी पहिल्यापासून सगळं सांगतो. लांबून रेल्वेची शिट्टी येते, ऊन फरशीवरनं हळूहळू सरकतं, आणि त्या इतिहासात मधेच ही येते. परकर-पोलक्यातली, भिंतीला खळ लावून पक्षाची पत्रकं चिकटवणारी, भर सभेत मंत्र्याला "जरा मोठ्यानं बोला की" म्हणून ओरडणारी. एवढा संसार केला, पण ही पोर मी कधी पाहिलीच नव्हती.

खरं सांगायचं तर मला सगळं कधीच पटलंय. पण तो थांबतो, चष्मा पुसतो आणि आशेनं विचारतो, "काय दाजी, पटलं?"

"नाही बुवा," मी म्हणतो. "ते पत्रकांचं परत सांगा."