मागच्या डब्यातल्या ताई

"सांगते."

एवढा एकच शब्द, आणि डाव्या हाताचा पंजा वर. मान वर व्हायची नाही. नजर नकाशावर, पेन्सिलीचं टोक जिथं टेकलेलं तिथंच. पुसदच्या आमच्या मोजणी कार्यालयात ताईंच्या टेबलासमोर जो कोणी उभा राहिला, त्याने आधी हा पंजा पाहिला आणि मग त्यांचा चेहरा.

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याला सगळे सगळं विचारतात. शेतकरी विचारत, "बाई, आमची मोजणी कधी?" साहेब विचारत, "ती महागावची फाइल कुठंय?" शिपाई विचारे, चहा किती सांगू. दुपारी घरून वहिनीचा फोन येई, "ताई, गॅसचं पुस्तक कुठं ठेवलं जी?" मागोमाग भाच्याचा, "आत्या, माझा दाखला?" प्रत्येकाला "सांगते", आणि प्रत्येकाला बरोबर उत्तर. ताईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील होते तोवर त्यांचं केलं, मग भावाच्या घरात वरच्या खोलीत राहिल्या. त्या घरात राहत होत्या म्हणण्यापेक्षा ते घरच त्यांच्या डोक्यात राहत होतं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. त्यांना सगळं तोंडपाठ आणि मला सगळं लिहिलेलं लागतं. औषधांची यादी, लग्नातल्या आहेरांची यादी, कोणाच्या घरून आपला कोणता डबा यायचा आहे त्याची यादी. ताई हसत. "तुह्या यादीत माहं नाव कुठं आहे व?" मी म्हणे, "सगळ्यात वर." ते खरंच होतं. वर्षानुवर्षं आम्ही एकत्र जेवलो आणि रजा जुळवून एकत्र फिरलो. आधी माहूर, मग हंपी, मग पार दार्जिलिंग. घरचे, ऑफिसचे सगळे मागे टाकून आम्ही दोघी. निदान मी तरी तसंच समजत होते.

परदेशाची कल्पना ताईंची. टूरवाल्यांच्या बसमध्ये बसायचं नाही हीसुद्धा त्यांचीच. "रेल्वेनं फिरू. आपलं आपण. मनात आलं तिथं उतरू." आता आमच्या पुसदला रेल्वे नाही. येणार येणार म्हणता आमचे केस पिकले. आमच्याकडे 'गाडी लागली' म्हणजे एसटी लागली. त्यामुळे ऑफिसात थट्टेला ऊत आला. आमचा एक सर्व्हेअर म्हणाला, "बाई, पुसदले रेल्वे येत नाही म्हून तुम्हीच जर्मनीले चालल्या काय?" ताई पेन्सिल न थांबवता म्हणाल्या, "हो. येताना तुह्यासाठी एक घेऊन येते."

सरकारी नोकरीत परदेशी जायला परवानगी लागते. अर्जात कारणाच्या रकान्यात ताईंनी लिहिलं, 'फिरणे'. साहेब म्हणाले, "अहो, दुसरं काही लिहा ना." ताई म्हणाल्या, "दुसरं काही नाहीच त, साहेब."

आमच्या घरी सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला, आलं होतं, त्यामुळे हे येणार नव्हतेच. तयारी सगळी माझी. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला, मध्ये कुठं बदलायचं, जवसाची चटणी कोणाच्या बॅगेत, चिवडा कोणाच्या. फोनचं तिकडचं सिम एकच घेतलं, ते माझ्याकडे. तिकडे दिवसभर वापरायचं दोघींचं मिळून एक तिकीट मिळतं, एकाच कागदावर दोघींची नावं. तो कागद ताईंच्या पर्समध्ये. इंटरनेट माझ्याकडे, तिकीट त्यांच्याकडे. म्हणजे एकीशिवाय दुसरीचं चालूच नये. मला स्वतःच्या या व्यवस्थेचं फार कौतुक वाटलं होतं.

म्युनिकमधली आमची पहिली गाडी आठवते. गर्दी पाहून ताईंचा हात आपोआप पर्सकडे गेला आणि रुमाल बाहेर आला. जागा धरायला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सवय आयुष्यभराची, पण तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत! ताई रुमाल घेऊन काचेकडे पाहत राहिल्या. "बंदच हाये व सगळ्या!" मग आत शिरून दोन सीटांवर दोन रुमाल टाकले. एका उंच गृहस्थाने ते उचलले, नीट घडी केली आणि "तुमचे पडले" असं काहीसं म्हणत अदबीने ताईंच्या हातात दिले. आणि सोबतच्या बाईंसह त्या सीटांवर बसले. आम्ही दोघी उभ्याने इतक्या हसलो की लोक पाहायला लागले.

चार दिवसांत आम्ही तरबेज झालो. फलाटावरचा बोर्ड कसा वाचायचा, गाडीचं दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, शांततेच्या डब्यात चिवडा खायचा नाही, कारण त्याचा आवाज होतो. मी दर स्टेशन फोनवर ताडून पाहत असे आणि ताईंना विचारत असे. हेच ना? की पुढचं? पाणी पिता का? थकल्या तर नाही? स्वेटर काढू का? "सांगते," ताई म्हणत. तिथंही तोच पंजा, तीच काचेबाहेर लागलेली नजर.

मग तो तळ्याचा दिवस. म्युनिकहून डोंगराकडे एक गाडी जाते, डोंगराच्या पायथ्याला तळं आहे, ते पाहून परत यायचं. सकाळी फलाटावर गाडी उभी होती. ताई म्हणाल्या, "तू पुढच्या डब्यात चढ. खिडकी धर, माह्यासाठी समोर रुमाल टाक. मी पाण्याची बाटली घेऊन आलीच."

मी चढले. खिडकी धरली, रुमाल टाकला. गाडी सुटायच्या जरा आधी ताई बाटली घेऊन येताना दिसल्या आणि पार मागच्या डब्यात चढल्या. म्हटलं, येतील चालत. पण येईनात. एक पांढऱ्या केसांच्या आजी रुमालापाशी येऊन थांबल्या. मी हात आडवा केला, "नो, नो. माय सिस्टर कमिंग." आजी बिचाऱ्या पलीकडे जाऊन बसल्या. पुढच्या स्टेशनावर आणखी एकाला हाकललं. तो रुमाल मी घरच्या बांधासारखा राखला.

एका छोट्या स्टेशनावर गाडी जरा जास्त थांबली. जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं गेलं. बारीकसा झटका बसला आणि गाडी निघाली. नंतर तिकीट तपासनीस आला. मी त्याला मोडक्या इंग्रजीत समजावलं, तिकीट बहिणीकडे, बहीण मागच्या डब्यात. तो म्हणाला, मागे डबा नाही. मी म्हटलं, आहे, मी पाहिलंय. मग त्या आजीच उठून आल्या. दोन्ही मुठी एकमेकींना चिकटवून माझ्यासमोर धरल्या आणि हळूच वेगळ्या केल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे.

त्या गाडीचे मध्येच दोन तुकडे होतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. दोन्हींमध्ये आतून वाटही नसते. ठरलेलंच असतं ते, रोजचं. मागचे डबे तळ्याला गेले होते.

तपासनीस भला होता. मला पुढच्या स्टेशनावर उतरवून, जिथं गाडी तुटली तिथं परत जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. त्या छोट्या स्टेशनाच्या बाकावर मी बसून राहिले. माझ्याकडे इंटरनेट होतं, पण ताईंच्या फोनला सिम नव्हतं, मग लावू कोणाला? अनोळखी मुलूख, साठीला आलेली बाई, एकटी. तळ्यात पाय घसरला तर? बीपीची गोळी माझ्या पर्समध्ये. मी रडले. हे मी ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

दुपार कलल्यावर तळ्याकडून गाडी आली आणि ताई उतरल्या. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला हातात, वेणी सुटलेली. चेहरा लाल. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली.

"घाईत मागं चढली व मी," त्या म्हणाल्या. "मले काय माहीत, गाडी अशी तुटते!"

मी म्हटलं, "असू द्या, तुम्ही सापडल्या ना." उरलेला सगळा प्रवास मी त्यांचा दंड धरून केला.

परत आल्यावर तो किस्सा मी सगळ्यांना सांगितला. जेवणाच्या सुट्टीत दोन डबे एकाला एक लावून गाडी कशी तुटते ते करून दाखवायची. ताई खाली मान घालून जेवत असायच्या. लोक हसायचे. मला वाटायचं, ताई लाजतात.

पुढच्या उन्हाळ्यात मी इटलीचं काढलं. तिकडच्या गाड्यांचा अभ्यासही सुरू केला होता. ऑफिस रिकामं होत आलं होतं, ताई नकाशा गुंडाळत होत्या.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी तुह्यासंग येणार नाही आता."

"काहून? तब्येत बरी नाही का?"

त्यांनी नकाशाला दोरा बांधला. "त्या दिवशी गाडी तुटणार हे मले माहीत होतं. आदल्या रोजी बोर्डावर पाह्यलं, तिकिटाच्या खिडकीवरच्या पोराले विचारूनही घेतलं."

मला आधी नीट कळलंच नाही. मग मी विचारला तो प्रश्नही किती फालतू! "आणि तिकीट?"

"तिकीट लागत होतं ना मले, परत याले."

"मी तिथं एकटी बसले होते, ताई."

"तुले काही होत नाही. तू सगळं निभावून नेतेस." हे त्यांनी खरोखर कौतुकाने म्हटलं, त्याचंच जास्त लागलं. मग त्या खुर्चीवर टेकल्या. "तळ्यात पाय सोडून बसली होती मी. तितका वेळ कोणी मले काही विचारलं नाही. पाणी पिता का, थकल्या का, आता कुठं, मंग कुठं. काहीच नाही. अशी मी जन्मात कधी बसली नव्हती."

"मी काळजीनं विचारत होते."

"हो," ताई म्हणाल्या. "घरचेही काळजीनंच विचारतात."

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? सगळ्यांपासून दूर जायला मी त्यांची सोबतीण म्हणून निघाले होते आणि त्यांच्या हिशेबी त्या 'सगळ्यां'तली मीच एक होते. रागावून, भांडून सोडून गेल्या असत्या तर मी समजले असते. रुमाल टाकायला लावून सोडून गेल्या. एवढं ताईंनी करायला नको होतं, असं माझं आजही मत आहे.

त्यानंतर मी डबा माझ्या टेबलावर खाऊ लागले. बोलणं कामापुरतं. त्यांच्या निरोपसमारंभाची सगळी व्यवस्था मीच केली, नारळापासून खुर्च्यांपर्यंत. दोघीही एकमेकींशी चारचौघांसारख्या वागलो.

निवृत्तीनंतर बऱ्याच महिन्यांनी, या हिवाळ्यात, त्यांचा फोन आला. "इटलीले चालली. एकटीच. नागपूरवरून जाते. फक्त तुले सांगून राह्यली." कधी परतणार तेही सांगितलं. मी पेन उचललं होतं, तेवढ्यात म्हणाल्या, "कोणाले सांगू नको. अन् तूही फोन करू नको."

मी पेन खाली ठेवलं.

परवा संध्याकाळी त्यांची वहिनी घरी आली. घामाघूम, पदर खोचलेला. दारातूनच सुरू. "मॅडम, ताई तुमच्याजवळ बोलल्या असतीन ना? चिठ्ठी लिहून गेल्या, 'फिरायला जाते' म्हणे. हे काय जाणं झालं? तिकडं पोराचा अर्ज अडकला, घरपट्टीची पावती सापडत नाही, यांच्या गोळ्या कोणत्या सकाळच्या कोणत्या रातच्या, मले काय माहीत?"

गोळ्यांचं मला माहीत होतं. ताईंनी कितीदा फोनवर माझ्यासमोर सांगितलं होतं. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. तेवढं सांगितलं.

"अन् येणार कधी? तुम्हाले सांगितलं असन. तुमचं तर जिवाभावाचं."

तारीख माझ्या जिभेवर होती. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"मला काहीच सांगितलं नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"नाही."

वहिनी खुर्चीवर बसली. मघाचा राग उतरला. "म्हणजे तुम्हालेही फसवलं त्यांनी."

"हो," मी म्हटलं. "फसवलं."

वहिनीने पुढे होऊन माझा हात हातात घेतला. कामाने खरखरीत झालेला, ऊन तळवा. "जाऊ द्या, मॅडम. मनाले लावून घेऊ नका." इतक्या दिवसांत तळ्याच्या त्या दिवसाबद्दल माझी समजूत घालणारी ती पहिलीच.