पंधरावं नाव

लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीच्या हातात पहिलीचा प्रवेशअर्ज ठेवणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच, आणि तो तीस वर्षं माझ्या शेजारच्या वर्गात शिकवत होता. "घाई नाही, सहा-सात वर्षं हातात आहेत," असं नवरदेवाला समजावून ते जेवणाकडे वळत. बारशाला गेले की पाळण्यात डोकावायच्या आधी खिशातली वही काढून बाळाचं नाव टिपून घेत. पुढे ते मूल इंग्रजी शाळेत गेल्याचं कळलं, की त्या नावावर पट्टी ठेवून लाल रेघ. रेघ मारताना त्यांचा चेहरा दाढ काढून घेतल्यासारखा होई.

शाळेत सगळे त्यांना पहिलीचे मास्तर म्हणत. मूल ज्या भाषेत आईकडे पाणी मागतं त्याच भाषेत त्याला शिकवायचं, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. अर्धा आणि पाव शिकवायला ते स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडत आणि तुकडे वाटून टाकत, त्यामुळे त्या आठवड्यात वर्ग हुशार आणि मास्तर उपाशी. एकदा सटाण्याकडून आलेली एक मुलगी तुकडा पाहून म्हणाली, "अर्धी शे." वर्ग हसला. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "बरोबर शे." मग आठवडाभर सगळी पहिली 'शे'वर बोलत होती. मुख्याध्यापकांनी जाब विचारला, तर म्हणाले, "पोरीचं तोंड उघडलंय ना सर. 'आहे' येईल मागून."

निवृत्तीनंतरही दर मे महिन्यात ते मला स्कूटरवर मागे बसवून शाळेसाठी मुलं गोळा करत हिंडत. गेल्या वर्षी संस्थेने सांगितलं, पंधरा मुलं झाली तरच मराठी पहिलीचा वर्ग उघडेल. चौदा झाली. शेवटच्या दिवशी अंबड एमआयडीसीजवळ एका कामगाराच्या घरी मी मातृभाषेवर चांगली वीस मिनिटं बोललो. चहा पुढे करत त्या घरातली बाई म्हणाली, "लय छान बोलता, सर. तुमचा नातू कुठं जातो शाळेला?"

माझा नातू सहा वर्षांचा. महिन्यापूर्वीच त्याला इंग्रजी शाळेत घातलं होतं. अर्ज मीच भरला होता आणि मास्तरांपासून लपवला होता. मी बशीत बघत राहिलो. मास्तर शांतपणे म्हणाले, "त्यांचा नातू अजून लहान आहे, ताई." याच माणसाने त्याच्या बारशाला नाव टिपून घेतलं होतं. बाई म्हणाली, "आमच्या पोराला मात्र इंग्लिशलाच टाकायचंय, राग मानू नका." परतीच्या वाटेवर मास्तर फक्त उकाड्याबद्दल बोलले.

वर्ग उघडला नाही. चौदा मुलं इकडेतिकडे पांगली. संस्थेच्या सभेत कुणीतरी म्हणालं, मास्तर आता थकले, पूर्वीसारखे फिरत नाहीत. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो आणि गप्प राहिलो. म्हणून आज लिहून ठेवतो: मास्तर कुठेही कमी पडले नाहीत. पंधरावं मूल माझ्या घरात होतं.

हल्ली ते रविवारी सकाळी आमच्याकडे येतात, नातवापुढे भाकरी मोडतात, आणि धडा संपला की दोघं मिळून तो खाऊन टाकतात. परवा वही आमच्या टेबलावर विसरले. मी ती उघडली. त्या चौदांपैकी कितीतरी नावांवर लाल रेघा होत्या. माझ्या नातवाच्या नावावर रेघ नव्हती. पुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "अजून लहान आहे."