धुतलेलं तोंड

माझ्या मावशीचा उभा जन्म खाणीच्या न्हाणीघरात गेला. पाणी तापवायचं, साबणाच्या वड्या कापायच्या, ओले पंचे वाळत घालायचे. पाळी संपवून कोळशाने माखलेली माणसं वर आली, की तिचा हुकूम सुटायचा, "आधी तोंडं धुवा, मग बोला!" काकांना तर अजिबात सूट नव्हती. तोंड धुऊन झालं की त्यांच्या कानामागे बोट फिरवून ती ते उजेडात धरायची. बोटाला काळं लागलं की पुन्हा बादलीपाशी! बायकोपुढे मान वाकवून उभ्या असलेल्या काकांची बाकीचे यथेच्छ टर उडवायचे.

खाणीचं छत कोसळलं तेव्हा काका खिळे ठोकलेल्या पेटीतून घरी आले. मावशी गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. "एकदा तोंड धुऊ द्या," एवढंच ती म्हणाली. मॅनेजरने पेटी उघडू दिली नाही. बादलीतलं पाणी तसंच गार झालं.

आता खाण बंद पडल्यावर कंपनीला वारशाचा उमाळा आला. चौकात खाणकामगाराचा पुतळा उभारायचा ठरला आणि चेहऱ्यासाठी काकांचा फोटो न्यायला साहेब घरी आले. मावशीने फोटो दिला, पण बजावून.

"चेहरा स्वच्छ हवा."

"हो हो, आजी. काळजीच नको."

अनावरणाला तिला पहिल्या रांगेत बसवलं. पडदा सरकला. नाकडोळे हुबेहूब काकांचे, पण कपाळापासून गळ्यापर्यंत काळा रंग! काळं फासतात ते चोराच्या तोंडाला. ज्यांनी काकांच्या हयातीत नाकाला रुमाल लावला, तेच आता टाळ्या पिटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी चौकात गेली. बादली मी उचलली होती. चौथऱ्यावर चढून तिने साबण लावला आणि ती गाल, कपाळ, मान खसाखसा घासायला लागली. बघे जमले. साहेब मोटारीतून उतरून हसतच आले.

"अहो आजी, कशाला दमताय? अस्सल दिसावा म्हणून मुद्दाम दिलाय तो रंग. भट्टीत पक्का केलेला आहे. शंभर वर्षं जाणार नाही!"

मावशीचा हात थांबला. सवयीने तिने पुतळ्याच्या कानामागे बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोटाला काहीच लागलं नव्हतं.

"मेल्यांनो," ती म्हणाली, "एवढं एकच मागितलं होतं. दोन्ही वेळा."