डावी वळणं वगळून

जाण्याच्या आदल्या दिवशी मीनल माझ्याशी सिस्टरांबद्दल बोलत होती. हॉस्पिटलात तिला सुई टोचायला दोन सिस्टर आळीपाळीने यायच्या. "त्या उंच सिस्टरचा हात हलका आहे गं ताई," ती म्हणाली. मग जरा वेळाने, डोळे मिटूनच, "पण ती सकाळी येते. सकाळी माझी शीर पटकन सापडते. दुसरीच्या वाट्याला मी संध्याकाळी येते... नको, तुलना नको." दुसऱ्या दिवशी मी अंघोळीसाठी घरी आले होते. केस अजून ओले होते, तेवढ्यात वॉर्डमधून फोन आला. माझी धाकटी बहीण गेली त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे तिच्या हुशारीबद्दल बोलतात. मला ते "तुलना नको" ऐकू येत राहतं, कारण तुलना करणं हेच तिचं काम होतं.

मीनल इंजिनीअर. मुलुंडमधल्या एका गाळ्यात एका छोट्या रेसिंग टीमचं वर्कशॉप होतं, तिथे ती नोकरीला होती. गाड्या इथे तयार व्हायच्या आणि रेसना दक्षिणेत जायच्या. गाडीतल्या सेन्सरमधून येणारे आकडे वाचून कोणता ड्रायव्हर कुठे वेळ घालवतो ते ती सांगायची. मी शाळेत मराठी शिकवणारी, मला यातलं ओ की ठो कळत नसे. एकदा विचारलं, तर म्हणाली, "जिंकला तो भारी, असं नसतं. कदाचित त्याची गाडी भारी असेल. म्हणून ड्रायव्हर बघायचा तो त्याच्या टीममेटच्या बाजूला ठेवून. गाडी तशीच, टायर तेच, मेकॅनिक तेच. बाकी सगळ्यांसमोर सबब चालते, टीममेटसमोर नाही." मला आमची आई आठवली. निकालाच्या दिवशी मीनलकडे बोट दाखवून ती शेजारणीला सांगायची, "दोघींकय सारख्याच जेवूक घातलंय, मगे हिका कमी मार्क कशे?" मीनलला तेव्हा त्याचा फार राग यायचा. पुढे तिने तोच हिशोब स्वीकारला, आणि मनापासून स्वीकारला.

टीममध्ये तेव्हा करण आणि तेजस असे दोन ड्रायव्हर होते. करणच्या घरचा बिझनेस. तेजस जोगेश्वरीचा, वडील रिटायर झालेले. त्याच्यासाठी स्पॉन्सर शोधता शोधता सगळं घर दमलेलं. सीझनभर तेजस करणच्या थोडा मागेच राहिला. फरक डोळ्यांना दिसणार नाही एवढा, पण मीनलच्या आकड्यांत तो प्रत्येक वेळी दिसायचा, आणि नेमका डावीकडच्या वळणांवर. तिने रिपोर्ट दिला : गुणी आहे, पण डावीकडे वळताना कचरतो. टीमने करणला ठेवलं. तेजसचा स्पॉन्सर गेला आणि त्याचं रेसिंग तिथेच संपलं. मीनलला वाईट वाटलं, पण शंका नव्हती.

काही महिन्यांनी तेजसची जुनी गाडी विकण्यासाठी खोलली. रंग खरवडल्यावर सांगाड्याच्या एका जोडावर केसाएवढी चीर दिसली. डावीकडे वळताना त्याच जोडावर जोर यायचा आणि सगळा सांगाडा किंचित पिळला जायचा. चीर जुनी होती. त्या संध्याकाळी मीनल घरी आली ती चप्पल न काढताच सोफ्यावर बसली. "तो कचरत नव्हता गं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती टीमच्या मालकांकडे गेली. तेजसला एकदा चांगल्या गाडीत बसवून बघा, असं तिने सांगितलं. आता त्याच्या जागी दुसरा मुलगा आलाय, जुनं कशाला उकरायचं, असं उत्तर मिळालं.

मग ती तेजसच्या घरी जायला निघाली. एकटीने जायचा धीर होईना, म्हणून मी सोबत गेले. तो आता मालाडच्या एका शोरूममध्ये नोकरी करत होता. गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्ह घेतं तेव्हा हा बाजूच्या सीटवर बसायचा. त्याच्या आईने पोहे आणून ठेवले. मीनलने काही न लपवता सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे मी फास्ट होतो?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मीनल म्हणाली.

"म्हणजे?"

"करणशी तुझी तुलना झाली ती चीर पडलेल्या गाडीत. ती तुलना पुसली तर माझ्याकडे तुझ्याबद्दल काहीच उरत नाही. तू स्लो होतास असं म्हणता येत नाही. फास्ट होतास असंही..."

निघताना त्याची आई दारापर्यंत आली. "मॅडम, नुसतं हो म्हणायचं होतंत," ती हळूच म्हणाली. "त्यावर निभावलं असतं आमचं." परत येताना रिक्षात मीही मीनलला तेच ऐकवलं. ती बाहेर बघत म्हणाली, "खोटं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं ताई. आणि मग जे खरं सांगितलं त्यावरचाही विश्वास गेला असता." थोड्याच दिवसांत तिने नोकरी सोडली. पुढच्या वर्षी आजार निघाला.

परवा रविवारी दुपारी तेजस आमच्याकडे आला. बातमी त्याला उशिरा कळली होती. मीनलच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवटी काही म्हणाल्या का त्या... माझ्याबद्दल?" हो, तू फास्ट होतास म्हणाली, हे अगदी जिभेवर आलं होतं. खरंखोटं विचारायला आता मीनल नव्हती. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही रे. तुझे व्हिडिओ मात्र बघायची."

मी त्याला तिच्या खोलीत नेलं. तिचा कॉम्प्युटर मी अजून हलवलेला नाही. औषधांनी अंगात त्राण नसायचं तेव्हाही ती तिथे बसून तेजस आणि करणच्या गाड्यांतून घेतलेले व्हिडिओ शेजारी शेजारी लावायची. डावी वळणं वगळून फक्त उजवी बघायची, कारण तिथे ती चीर आड येत नव्हती. "तिथे दोघं सारखेच दिसतात," एकदा मला म्हणाली होती. "पण ज्याला डावीकडे गाडी रोज घाबरवते, तो उजवीकडे तरी मोकळा कसा चालवेल? ती भीती किती धरायची, ते मला काढता येत नाही." हे सगळं मी तेजसला जसंच्या तसं सांगितलं. तो तिच्या खुर्चीत बसला आणि व्हिडिओ लावला. पहिलं उजवं वळण आलं तसा त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला.

"इथे मी ब्रेक लवकर मारलाय," तो म्हणाला.

"गाडीच्या भीतीने?"

"आता मलाही सांगता नाही येणार."

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले. गेलं वर्षभर या घरात दुपारी जो आवाज असायचा तोच खोलीतून येऊ लागला. इंजिन चढत गेलं, आणि डावं वळण येण्याआधी मीनल जिथे थांबवायची तिथेच थांबलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. चहा उतू गेला होता. मी आधण पुन्हा ठेवलं.