बाकावरून वर गेलेला हात

ग्रामसभेत हात वर करायचा म्हटलं की माणूस कोपरापासून उचलतो, आणि सरपंचाची नजर पडली न पडली की खाली घेतो. सगुणभाई तसे नव्हते. त्यांचा हात खांद्यापासून सरळ वर जायचा आणि मोजणी संपेपर्यंत खाली यायचा नाही. सेक्रेटरी "बहुमत, बहुमत" म्हणत अंदाजानं लिहायला लागला की हात तसाच ठेवून ते ओरडायचे, "अरे मोज मरे! बोटान मोज! आमच्या गावांत मोजतत!"

"आमचो गाव" म्हणजे आमचं गोव्यातलं पार्से नव्हे. स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं एक बारकं खेडं. सगुणभाई जन्मानं पार्श्याचेच, पण तरुणपणी पोर्तुगालचा पासपोर्ट काढून तिकडं गेले, एका लहान हॉटेलात भांडी घासता घासता मुख्य स्वयंपाकी झाले आणि म्हातारपणी परत येऊन पुन्हा इथले नागरिक, मतदार झाले. त्या खेड्याचं नाव इथं कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे त्याला 'बर्फाचो गाव' म्हणायचे.

मी गडहिंग्लजकडचा. सातवीत शाळा सुटली. चिऱ्यांच्या बांधकामावर गोव्यात आलो आणि पुढं सगुणभाईंच्या काजूच्या बागायतीत राखणीला राहिलो. बागायतीच्या कडेला बाहेरून आलेल्या मजुरांसाठी खोल्या होत्या, त्यांतली एक त्यांनीच दिली. "बायलेक हाड रे मारुती, एकलो कितलो रांदून खातलो?" असं म्हणून बायकोला आणायलाही त्यांनीच लावलं. मी त्यांचं मीठ खाल्लंय. तरी त्यांचा हेवा वाटायचा तो वाटायचाच. गावाकडं गेलो की भाऊ म्हणतात, "आला बघा गोव्याचा पाव्हणा." इथं आलो की मी 'घाटी'. आणि या माणसाला दोन-दोन गाव!

मी फेणीसाठी काजूची बोंडं तुडवत असलो की ते धोंड्यावर बसून बर्फाच्या गावाच्या गोष्टी सांगायचे. "थंयचो सरपंच सुतार. दिसभर रंधो मारी आणि सांजेक सह्यो करी." तिथली पंचायत म्हणे शाळेच्या माडीवर. गावचं रान सगळ्यांचं, कुणी किती लाकूड न्यायचं ते सभेत ठरायचं. वरचा वाडा आणि खालचा वाडा पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते. शेवटी गावानं झऱ्याखाली एकीखाली एक अशा तीन दगडी डोणी बांधल्या. पहिलीतलं पाणी माणसांना. तिच्यातून वाहिलेलं दुसरीत, ते गुरांना. तिसरीत धुणं. "झगडा सोंपलो," असं सांगताना सगुणभाईंचा चेहरा असा व्हायचा, जणू त्या डोणी त्यांच्या आजोबांनीच बांधल्या.

सगळ्यात आवडीची गोष्ट शेवटी यायची. तिकडची पोरं कमी झाली, शाळा बंद पडली, आणि खालच्या मोठ्या गावात हे खेडं मिळवून टाकायचं ठरत आलं. त्यासाठी सभा भरली. "एका हाताच्या फरकान गाव रवलो!" ते सांगायचे. "माजो हात असो वर!" आणि इथं बागायतीत, बोंडांच्या वासात, तो हात पुन्हा वर जायचा.

माझ्या पोटात जळायचं. एकदा विचारलंच, "भाई, परक्या मुलखात तुमाला मत दिलं व्हय त्यांनी?"

ते धोंड्यावरून उठले. मग म्हणाले, "बोंडां तुडय तू."

दोन वर्षांमागं झरीचं प्रकरण निघालं. आमच्या खोल्यांखाली गावची झर आहे. नळाला पाणी नाही, म्हणून खोल्यांतल्या आम्हा सगळ्यांचं पिणं आणि धुणं तिच्यावरच. धुण्याचा फेस वाहत खाली गावातल्या जानकीमावशीच्या भातशेतात जायचा. मावशी बांधावर उभी राहून हात नाचवायची, "पाणी आमचा, फेस घाट्यांचो!" ग्रामसभेत ठराव आला, झरीला दार बसवून कुलूप घालायचं आणि चावी गावच्या घरांनाच द्यायची. पाणी बंद म्हणजे खोली बंद. बायकोनं ट्रंक खाली काढून ठेवली होती.

सभेच्या खोलीत खुर्च्या मतदारांना. आम्ही भायले, म्हणजे परगावचे, बाहेर सोप्यावरच्या बाकावर. ठराव वाचून झाला तसे पहिल्या रांगेतले सगुणभाई उठले. मला वाटलं, घरी निघाले. पण ते बाहेर आले आणि बाकावर माझ्याशेजारी टेकले.

"कुलूप नाका," तिथूनच ते म्हणाले. "झरीखाल दोन दोणी बांदया. चिरे माजे, काम ह्या मारुतीचा."

"आणि फेस?" मावशीनं मान वळवली.

"फेस शेवटच्या दोणीत रवतलो गे. तेका वेगळी वाट काडया. तुज्या भातांत येवचो नाय."

डोणी हव्यात त्यांना सरपंचानं हात वर करायला सांगितलं. सगुणभाईंचा हात बाकावरून सरळ वर गेला. सेक्रेटरी अडला. "भाई, भितर येवा. बाकावयले हात मोजूक येनत."

"कित्या? मत माणसाक आसा की खुर्चेक?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. "बर्फाच्या गावांत हांव अशाच बाकार बसतालों," ते म्हणाले. "मत नसलेल्यांक वेगळा बसयतत, मोजताना घोळ नाका म्हणान. त्या दिसा गाव जाता तो बघून माजो हात आपसूक वर गेलो. मोजपी थांबलो. सगळे फाटी वळान माका बघूक लागले. मागीर परत मोजले, माका सोडून." मग म्हणाले, "एका हातान गाव रवलो, ता खरा. तो हात माजो नव्हतो."

मी माझा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. चुकून वर गेला तर?

जानकीमावशीनं पदर खोचला आणि हात वर केला. "मोज रे तेंका. आणि माकाय मोज."

कुलूप टळलं. डोणी मी बांधल्या. चिरे तासून सारखे केले, सांधे असे बसवले की पाण्याचा थेंब चुकत नाही. आज गाव त्यांना 'सगुणभाईच्यो दोणी' म्हणतो. तिथं घागर भरताना हे कानावर आलं की अजून जळतं.

गेल्या काजूच्या मोसमात ते गेले. स्मशानात माणसांना उभं राहायला जागा पुरली नाही. तिसऱ्या दिवशी त्या बर्फाच्या गावातून भाईंच्या बायकोला, वहिनींना, फोन आला. पलीकडं तो सुतार सरपंच, आता खूप म्हातारा झालेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, दोघंही नुसते रडत होते. एका माणसासाठी दोन गावांत डोळे पुसले गेले. माझ्यासाठी एकात तरी कोण पुसेल, हाच विचार त्या वेळी माझ्या मनात आला.

आता पार्श्याच्या मतदार यादीत माझं नाव आहे. त्यासाठीही भाईंनीच खेटे घातले होते. सभेत मला खुर्ची मिळते. परवा खोल्यांना वीज द्यायचा विषय निघाला. बाहेर बाकावर एक उडिया गवंडी हात मांडीखाली दाबून बसला होता. तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता, ती मला चांगली ओळखीची.

सगुणभाई असते तर उठून त्याच्या शेजारी गेले असते. मी हात वर केला, खांद्यापासून सरळ, आणि मोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही. दुसऱ्या हातानं खुर्ची घट्ट धरून ठेवली होती.