कडूबाचा कान आणि दहा मिलिमीटर

नवीन जालन्यात स्टेशनकडून बाजाराकडं निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागायचं. त्याला ना पाटी, ना रंग. पण बुलेट घनसावंगीत बिघडो की परतूरला, चार शहाणी माणसं एकच सल्ला द्यायची, "कडूबाला ऐकवून ये." दाखवून ये न्हाई, ऐकवून ये. कारण कडूबा गाडीला हात लावायच्या आधी कान लावायचा. हातभर लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे, अन् मिनिटभरात दुखणं सांगायचं. एकदा म्हणे चहा पिता पिता त्यानं रस्त्यावरच्या एका गाडीवाल्याला हाळी दिली, "ओ पाव्हणं, बेअरिंग चाललंय तुमचं! परतूर गाठायचं न्हाई." पाव्हणा हसत निघून गेला, अन् तिसऱ्या प्रहरी टेम्पोत गाडी घालून परत आला. अशा गोष्टींना लोक तिखटमीठ लावतातच, पण मुळात भाजी होती हे खरं.

घनसावंगीकडच्या शेतकऱ्याचं हे पोरगं. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेल्ती, म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू वस्तू मरणाच्या तोंडाला लागत न्हाई, असा त्या माउलीचा हिशेब. हिशेब बराबर निघाला. पोरगं जगलं, वाढलं, अन् एक्याऐंशी साली धाकट्या भावाच्या हाती शेत सोडून जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये लागलं. तापून लाल झालेली सळई ज्या लोखंडी रुळांतून दाबून काढतात, ते रूळ झिजले की लेथवर कातून पुन्हा गुळगुळीत करायचे, हे त्याचं काम. हात असा बसला की केसाएवढी चूक त्याला बोटाला कळायची. पण लेथ होती मिलच्या पोटातच. आठ-आठ तास लोखंडावर लोखंड आदळायचं. कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे हसायचे, "का रं, नवरी हायेस का?" कडूबानं कापूस घातला न्हाई. सहा वर्षं न्हाई घातला.

सत्त्याऐंशी साली त्यानं मिल सोडून हे शेड टाकलं, मागं दोन खोल्या बांधल्या, अन् बायकोला, नंदाबाईला, गावाकडून आणलं. पुढच्या साली पोरगी झाली, बेबीनंदा. कडूबाचा बोलबाला व्हायला वर्ष लागलं न्हाई. अन् नाव होत होतं त्याच दिवसांत कान चालले होते. आधी चिमण्या गेल्या. मग सायकलची घंटी गेली. मग बायामाणसांचं, लेकरांचं बोलणं पाण्याखालून आल्यागत यायला लागलं. जाड आवाज तेवढा शाबूत होता. ट्रक कळायचा, मालगाडी कळायची, बुलेटचा ठोका कळायचा.

कडूबा घाबरला. घाबरणार न्हाई तर काय? ज्या कानावर भाकर, तोच कान! पण त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. एक दिवस पेचकसाची मूठ त्यानं कानाऐवजी दातांत धरली. इंजिनाची घरघर दातांतून थेट डोक्यात शिरली, अन् त्याच्या जिवात जीव आला. झालं! गावभर बोलबाला, "आधी कानानं ऐकायचा, आता दातानं ऐकतो बेटा!" लोकांचं काय सांगावं? माणसाचं दुखणं त्यांना करामत दिसली. जाड घरघर दातांतून कळते, पण बारीक टिकटिक कुठूनच येत न्हाई, हे एकट्या कडूबाला ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

चौऱ्याण्णव साली गिरिधर त्याच्याकडं आला. एका बियाण्याच्या कंपनीत साहेब, नवीन जालन्यात ऑफिस, वय तिशीचं, अन् बुलेटचं भलतं वेड. पुण्याकडं एका घाटात चढाईची शर्यत होती, पाडव्यानंतरच्या रविवारी.

"कडूबाभाऊ, साधं इंजिन घाटात दम टाकतं. ओढ वाढवायचीय. तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

कडूबा त्याच्या तोंडाकडं बघत होता. समोरच्याच्या ओठांकडं बघत ऐकायची त्याला आता सवयच लागल्ती. "वाढवता येतं साहेब," तो म्हणाला. "जात्याचा खुंटा मधल्या खिळ्यापासून जितका लांब, तितका फेरा मोठा. इंजिनाचंही तसंच हाय. क्रँक म्हंजे पिस्टनला वर-खाली ढकलणारी फिरती चाकं, त्याची पिन पाच मिलिमीटर बाहेर सरकवायची. मंग पिस्टन पाच मिलिमीटर जास्त वर जाईल, पाच जास्त खाली येईल. मिळून दहा वाढले. पण एकदा भोक पाडलं की मागं फिरणं न्हाई, हे ध्यानात ठेवा."

"पाडा," गिरिधर म्हणाला.

तीन आठवडे कडूबा दुसऱ्या कामाकडं फिरकला न्हाई. क्रँकच्या दोन्ही चाकांतली जुनी भोकं त्यानं पोलादाचे गट्टू ठोकून बुजवली, ओळखीच्या लेथवर रविवारी जाऊन पाच मिलिमीटर बाहेर नवी पाडली, नवी पिन कातली. पिस्टन वर जास्त जाणार, म्हणून सिलिंडरखाली पाच मिलिमीटरची पट्टी घातली. खाली जास्त येणार, म्हणजे क्रँकच्या चाकावर आपटणार, म्हणून पिस्टनचा खालचा घेर छाटला. आता छाटायचा किती? जास्त छाटला तर पिस्टन सिलिंडरमध्ये डुगडुगणार, कमी छाटला तर चाकाला लागणार. मधे दोन मिलिमीटर मोकळे पाहिजेत, बिलकुल कमी न्हाई.

ही फट मोजायची कडूबाची स्वतःची रीत होती. पुरीसारखी घट्ट कणिक घ्यायची, तिची पट्टी चाकाच्या काठावर चिकटवायची, इंजिन जुळवून किक हातानं हळूच एक फेरा दाबायची, अन् परत उघडायचं. पिस्टननं कणिक जिथं दाबली तिथं ब्लेडनं कापून जाडी मोजायची. कणिक मळून द्यायची नंदाबाई. "पोळ्या करायच्या का इंजिन जेवू घालायचं?" असं रोज म्हणायची, अन् मूठभर जास्तीच मळायची.

पण शेवटचं माप घ्यायचा दिवस निघाला होळीचा. नंदाबाई पुरण वाटत होती, हात भरलेले. "ताटाखाली झाकलीय, घ्या तिथून!" ती म्हणाली. कडूबानं गोळा उचलला. पण घट्ट गोळ्याशेजारचा हा गोळा पुरणपोळीचा होता, तेल पाजून तास-दोन तास भिजवलेला, रबरागत ताणणारा. घट्ट कणिक दाबली की दबलेलीच राहते. ही मात्र पिस्टन वर गेला की फुगून परत जागेवर आली, अन् फट होती त्याहून मोठी दिसली. बोटाला केसाची चूक कळणाऱ्या माणसाला हे कळायला नको होतं का? कळलं असतं. पण डोक्यात शर्यत होती, नाकात पुरणाचा वास होता, अन् आकडा मनासारखा आल्ता. दोन मिलिमीटर अन् वर थोडं! कडूबा खूश. त्यानं इंजिन जुळवलं अन् पोटभर पुरणपोळी खाल्ली.

चौथ्या दिवशी दुपारी गिरिधर आला. पहिल्याच किकेला इंजिन लागलं, अन् काय तो ठोका! कडूबाच्या छातीवर बसला. गिरिधर एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत जाऊन आला तेव्हा त्याचं तोंड लहान पोरागत खुलल्तं.

"भाऊ, काय ओढतंय! तिसऱ्या गिअरवर असं निघतं…" तो थांबला. मान जरा कलती करून इंजिनाकडं बघत राहिला. "बरोबर आहे ना सगळं?"

गरम इंजिन धडधडत होतं. कडूबानं पेचकस लावला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले, दुसऱ्या हातानं हँडलची मूठ पिळून इंजिन चढवलं, उतरवलं. डोक्यात भरदार, गोल घरघर. कुठंच खोट न्हाई.

"एकदम बराबर," तो म्हणाला.

गिरिधरनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात नंदाबाई चहा घेऊन आली. कडूबानं इंजिन अजून चढवलेलंच होतं. ती उभी राहिली, कपबश्या स्टुलावर ठेवल्या, अन् नवऱ्याच्या बाजूला येऊन त्याच्या मनगटावर नखानं हलकेच वाजवायला लागली. भराभर, न थांबता. मनगटावर बोट वाजवायची तिची जुनी खोड होती, पाठीमागून कुणी आलं की ती असंच करायची, अन् कडूबा सहज वळायचा. पण आता मागं कुणी न्हवतं. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं डोळ्यांनी इंजिन दाखवलं. त्यानं मूठ सोडली, इंजिन उतरलं, नख थांबलं. त्यानं मूठ पिळली. नख पुन्हा सुरू.

दोन गोष्टी कडूबाला एकदमच कळल्या. इंजिनात टिकटिक हाय. अन् हिला सगळं ठाऊक हाय.

आता मिस्त्री लोकांजवळ अशा वेळी एक शब्द तयार असतो, "मुरल!" नवं इंजिन हाय, चार दिवस चाललं की आवाज मुरल. शंभरातल्या नव्वदांनी तेच म्हटलं असतं, अन् कडूबाच्याही जिभेवर ते आल्तं. एवढा एक शब्द, की अब्रू शाबूत, शेड शाबूत, बोलबाला शाबूत. समोर गिरिधर चहाची बशी फुंकत उभा. हे पोरगं घाटात, एका बाजूला दरी असताना, इंजिन पुरतं चढवणार. छाटलेला घेर चाकावर आपटत आपटत तुटला, तुकडा मधी अडकला, तर मागचं चाक जागच्या जागी गच्च बसणार. मंग?

कडूबानं इंजिन बंद केलं.

"साहेब, गाडी देता येत न्हाई. आत काहीतरी घासतंय."

"पण आत्ता तर तुम्ही…"

"मला ऐकू येत न्हाई." कडूबा म्हणाला. "जाड तेवढं येतं. बारीक न्हाई येत. लय वर्षं झाली. मिलमधी गेले कान. टिकटिक हिनं ऐकली, मी न्हाई."

गिरिधरनं बशी खाली ठेवली. मग तो जे बोलला ते कडूबाला जन्मभर लागून राहिलं. "भाऊ, टिकटिक मी पण ऐकली होती. फाट्यावरच. पण तुम्ही बरोबर म्हणालात, म्हणून मला वाटलं, माझ्याच कानाची चूक."

कडूबानं पेचकस खाली ठेवला. लोक त्याच्या कानाला एवढं मानत होते, की स्वतःच्या कानाला खोटं ठरवत होते!

इंजिन त्याच दुपारी उघडलं. चाकाच्या काठावर चांदीगत चकचकीत रेघ उठल्ती, अन् पिस्टनच्या घेराला बारीक चीर पडल्ती. कडूबा त्या चिरेवरून बोट फिरवत राहिला. मग त्याला होळीचा गोळा आठवला. "पुरणपोळीची कणिक ती!" म्हणून त्यानं कपाळावर हात मारून घेतला, अन् तशातही नंदाबाईला हसू फुटलं. तिनं घट्ट कणिक मळून दिली. नव्या पिस्टनचा घेर आणखी दीड मिलिमीटर छाटला, कणिक दाबली, कापली, मोजली, तीन वेळा मोजली. इंजिन तापवून नंदाबाईला उभं केलं. तिनं कान दिला अन् मान हलवली. काही न्हाई. मगच गाडी गिरिधरच्या हाती गेली.

शर्यतीत गिरिधरचा नंबर सातवा आला. सांगण्यासारखा न्हाई, पण वर पोचला अन् धड पोचला. अन् तोच खुळा, जालन्यात भेटेल त्याला सांगत सुटला की कडूबानं गाडी अडवली म्हणून मी हाय. गिऱ्हाईक तुटेल असं कडूबाला वाटल्तं. काही तुटलं, काही वाढलं. बारीक आवाज ऐकायला नंदाबाईचं स्टूल मात्र त्या दिवसापासून शेडातच आलं.

हे सगळं मार्गी लागल्यावर एके दुपारी, हातात काम नसताना, त्यानं विचारलं, "तुला कवापासून ठावं हाय गं?"

नंदाबाई शेंगा फोडत होती. मान वर करून, त्याला ओठ दिसतील अशी बोलली. "बेबीनंदा पहिल्यांदा आबा म्हणली, तव्हापासून."

"म्हंजे?"

"तुम्ही पाठमोरे बसल्ते, हितंच. ती दारात रांगत आल्ती. आबा म्हणली. दोनदा म्हणली. तुम्ही वळला न्हाईत." तिनं एक शेंग फोडली. "मंग मी तिला उचलून तुमच्या पुढ्यात आणून बसवली, अन् परत म्हणायला लावली. तुम्ही केवढे हसला! गल्लीत पेढे वाटले, पोरगी आज बोलली म्हणून. मी काय सांगणार व्हते?"

पाच वर्षं कडूबा त्या पेढ्यांची आठवण काढत आल्ता. डोळे भरून आले ते त्यानं पुसले पण न्हाईत.

जरा वेळानं त्यानं अंगणात खेळणाऱ्या बेबीनंदाला बोलावलं. सहा वर्षांची झाल्ती पोर. "हितं माझ्या पाठीमागं उभी राह्य," तो म्हणाला, "अन् हाक मार मला."

तो रस्त्याकडं तोंड करून बसला. ट्रक गेला, तो ऐकू आला. मालगाडी धडधडत गेली, ती ऐकू आली. मागं काहीच न्हवतं. तो वाट बघत राहिला. मग नंदाबाईनं शेंगांचं सूप खाली ठेवलं, अन् त्याच्या मनगटावर नखानं दोनदा वाजवलं.

"ओ," म्हणून तो वळला.