चंद्रोदय आणि जाहिरातीची पट्टी

भोपाळच्या मराठी मंडळातल्या बायका संकष्टीचा उपवास माझ्या अॅपवर सोडतात. पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ इथे चालत नाही, म्हणून मी भोपाळपुरतं छोटंसं पंचांग अॅप केलं, आणि सासूबाईंनी ते अख्ख्या मंडळाच्या गळी उतरवलं.

गेल्या वर्षी मला दुर्बुद्धी सुचली. अॅपच्या तळाशी जाहिरातीची पट्टी टाकली आणि नवी आवृत्ती सोडली, तीही नेमकी संकष्टीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दुपारपासून सोनागिरीतल्या आमच्या घरी फोन सुरू झाले.

"अगं, उघडलं की लगेच बंद होतंय. फालतूची परेशानी!" मंडळातल्या एका काकूंनी मला झापलं. "आभाळ भरलंय, चंद्र काही दिसायचा नाही. उपवास सोडायचा कधी?"

माझ्या फोनवर मात्र ते ठणठणीत चालत होतं. शेजारच्या हिंदी भाभींच्या फोनवरही. मी वैतागले. "तुमचे फोनच जुने झालेत," असं दोघीतिघींना तोडून सांगितलंसुद्धा. खरं तर मी घाबरले होते. सासूबाई मंडळात कौतुकाने माझं नाव घेत, आणि आता माझ्यामुळे त्यांनाच मान खाली घालावी लागणार होती.

शेवटी सासूबाईंचा फोन मागून घेतला. त्यावरही अॅप उघडताक्षणी बंद. फोन केबलने लॅपटॉपला लावला, तेव्हा एररच्या संदेशात एक आकडा दिसला: ५०.०. चक्क मराठीत. मी कपाळावर हात मारून घेतला. पट्टीची उंची मी कोडमध्ये आधी मजकूर म्हणून लिहीत होते आणि पुढच्या ओळीत त्याचा परत आकडा करत होते. फोनची भाषा मराठी असली की तो मजकूर मराठी आकड्यांत उमटे, आणि पुढच्या ओळीला इंग्रजी आकड्यांखेरीज काही वाचता येत नव्हतं. भाभींच्या हिंदी फोनवर आकडे इंग्रजीच होते, आणि माझा फोन तर पक्का इंग्रजी. मराठी माणसांसाठी केलेलं अॅप मी एकाही मराठी फोनवर तपासलं नव्हतं. दिव्याखाली अंधार!

एक ओळ बदलली. अॅप स्टोअरच्या रीतसर मार्गाने पोचायला वेळ लागला असता, म्हणून दुरुस्त अॅप थेट मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. सासूबाईंनी एकेकीला फोन करून कुठे दाबायचं ते सांगितलं. "चाललं!" असा पहिला निरोप आला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीतच वेड्यासारखी हसत सुटले. सासूबाई मोदक तळायला उठल्या.

तेवढ्यात त्याच काकूंचा पुन्हा फोन आला. "आता सासूबाईंवर रागावू नकोस हं. त्यांनी दुपारीच सांगितलं सगळ्यांना, 'जाहिराती माझ्याच हट्टापायी टाकल्या, सून बिचारी नको म्हणत होती.'"

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पंचांगात जाहिराती नकोत म्हणून आठवडाभर माझ्याशी भांडल्या होत्या, त्या एकट्या सासूबाईच. मी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या हातातला झारा घेतला. "आई, तुम्ही बसा," मी म्हटलं.